पवईची प्रयोगशाळा ते खारघरचा वॉर्ड: शोधाचं औषध करताना

४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात, एका रुग्णाच्या शिरेतून त्याच्याच पेशी परत सोडल्या गेल्या. या पेशींची रचना आणि निर्मिती आयआयटी मुंबईच्या पवईतल्या जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागात झाली होती. भारतातला हा पहिला कार-टी उपचार, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) काढून, त्यांत कर्करोग ओळखणारं जनुक घालून त्या परत सोडणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी, म्हणजे सीडीएससीओने, त्याला 'नेक्सकार१९' या नावाने विक्रीची मंजुरी दिली. आयआयटीतले राहुल पुरवार, टाटातले गौरव नरुला आणि हसमुख जैन, आणि २०१८ मध्ये आयआयटीतूनच निघालेली इम्युनोॲक्ट ही कंपनी, अशी ही तिपेडी वेणी होती.

पवई ते खारघर अंतर तीसेक किलोमीटर. टॅक्सीने दोन तासांत होतं, संशोधनाला वर्षं लागतात. विद्यापीठात बसून हातात एखादं आशादायक निरीक्षण असलेल्यांसाठी हा लेख आहे. शोध खोटा निघाल्यामुळे थांबलेली कामं असतातच. पण शोध खरा असूनही पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे वाया गेलेली कामंही भरपूर असतात, आणि ती वाचवता येतात. म्हणून इथे क्रमावर भर आहे. उदाहरण बहुतेक ठिकाणी कार-टीचं आहे, कारण त्यात सगळ्या अडचणी एकाच वेळी भेटतात.

पहिलं काम: दुसऱ्याच्या हातून करून बघा

ॲमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगातले गाजलेले ५३ शोध स्वतःच्या प्रयोगशाळेत करून पाहिले. त्यातले फक्त ६ जुळले. हे २०१२ मध्ये छापून आलं. लबाडी क्वचित असते. बहुतेक वेळा प्रयोग एका विद्यार्थ्याच्या हाताला, एका बाटलीतल्या अँटिबॉडीला किंवा एका पिंजऱ्यातल्या उंदरांना चिकटलेला असतो.

तेव्हा पेटंट, कंपनी, पत्रकार परिषद यांपैकी कशालाही हात लावण्याआधी पुढचं उरकून घ्या. पेशींच्या वाणाची एसटीआर, म्हणजे डीएनएच्या ठशाची, चाचणी करून तो वाण तोच आहे याची खात्री करा. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूसाठी पीसीआर चाचणी दर महिन्याला लावा. संसर्ग झालेल्या पेशी डोळ्यांना ठणठणीत दिसतात, पण त्यांचं वागणं बदललेलं असतं. अँटिबॉडीचा दुसरा लॉट वापरा. नमुन्यांना सांकेतिक क्रमांक द्या आणि मोजणाऱ्याला कुठला कोणता ते सांगू नका. शेवटी लेखी कार्यपद्धती दुसऱ्या प्रयोगशाळेच्या हाती द्या आणि फोनवर मदत करू नका. जे फोनवर सांगावं लागतं ते कागदावर नव्हतं, असा त्याचा अर्थ.

कार-टीत एक खास सापळा आहे. निरोगी रक्तदात्याच्या टी-पेशी उत्साहाने वाढतात आणि आलेख सुंदर येतात. पण खरा रुग्ण किमोथेरपीच्या तीन-चार फेऱ्या सोसून आलेला असतो. त्याच्या टी-पेशी मोजक्या आणि थकलेल्या असतात. म्हणून रुग्णालयाच्या नीतिसमितीची परवानगी घेऊन रुग्णांच्या रक्तावर प्रयोग शक्य तितक्या लवकर सुरू करा. डॉक्टर भागीदार इथपासूनच लागतो.

एक पान लिहा, आणि ते डॉक्टरकडून खोडून घ्या

औषध कंपन्या त्याला टार्गेट प्रॉडक्ट प्रोफाइल म्हणतात. एका पानात मावलं पाहिजे: कोणत्या रुग्णाला, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर, कोणते उपचार फसल्यावर, कशातून, किती वेळा, कुठल्या दर्जाच्या रुग्णालयात, आणि आज जे मिळतं त्यापेक्षा किमान किती चांगलं असेल तर डॉक्टर ते लिहून देईल. प्रत्येक ओळीला दोन रकाने हवेत, 'हवं' आणि 'यापेक्षा कमी चालणार नाही'. किमतीचीही ओळ असू द्या. तिच्याकडे दुर्लक्ष करणारे पुढे कारखान्यात रडतात.

कार-टीत किमतीचा प्रश्न थेट रेणूच्या रचनेपर्यंत जातो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि नोव्हार्टिस यांच्या सहकार्यातून आलेल्या किमरिया या कार-टी औषधाला ३० ऑगस्ट २०१७ रोजी मंजुरी मिळाली तेव्हा त्याची जाहीर किंमत ४,७५,००० डॉलर होती. त्यात सीडी१९, म्हणजे कर्करोगाच्या पेशीवरची खूण, ओळखणारा तुकडा उंदराच्या अँटिबॉडीतून घेतलेला आहे. पवईच्या गटाने मानवी धाटणीत आणलेला तुकडा वापरला, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत अशा पेशी कर्करोगाच्या पेशी मारतात पण सायटोकाइन, म्हणजे दाह भडकवणारी प्रथिनं, कमी सोडतात असं दाखवलं. सायटोकाइनचं वादळ सौम्य राहिलं तर रुग्णाचे आयसीयूतले दिवस वाचतात, आणि भारतातल्या घरखर्चात आयसीयूचं बिल हा लहान आकडा नाही. नेक्सकार१९ बाजारात आलं ते परदेशी किमतीच्या साधारण दहाव्या भागात.

हे पान घेऊन ओपीडीत बसणाऱ्या किमान तीन डॉक्टरांना भेटा. त्यांतला एक तरी तुमच्या ओळखीचा नसावा. ओळखीचे डॉक्टर 'छान आहे' म्हणतात. अनोळखी डॉक्टर विचारतो, "हा पेशंट महिन्यातून माझ्याकडे येतो किती?" त्या आकड्यावरच चाचणीला पाच वर्षं लागणार की दोन, हे ठरतं.

तोंड उघडण्याआधी पेटंट

पीएचडीचा विद्यार्थी परिषदेत पोस्टर लावतो. पोस्टर मार्चमध्ये असतं, पण सारांशाचं पुस्तक जानेवारीतच वेबसाइटवर चढलेलं असतं. म्हणजे शोधाचं प्रकटीकरण जानेवारीतच झालं, आणि उघड झालेल्या शोधाला पेटंट मिळणं अवघड. खुली व्हायव्हा, शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढलेला प्रबंध, प्रीप्रिंट, कॉलेजच्या यूट्यूब वाहिनीवरचं भाषण, हे सगळं त्यातच मोजलं जातं. अमेरिकेत स्वतःच्या प्रकटीकरणानंतर वर्षभराची सवलत असते. भारतातली सवलत फार अरुंद आहे आणि युरोपात जवळपास नाहीच.

क्रम असा: आधी भारतात तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल. शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये आहे. वकिलाचे पैसे वेगळे. तिथून १२ महिन्यांत पूर्ण तपशील आणि परदेशासाठी पीसीटी, म्हणजे अनेक देशांसाठी एकत्र, अर्ज. भारतात राहणाऱ्या संशोधकाने थेट परदेशात अर्ज करायचा असेल तर कलम ३९ प्रमाणे आधी लेखी परवानगी लागते, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं लागतं. हे मोडलं तर तुरुंगवासाची तरतूद आहे. परदेशी सहकारी 'आम्हीच भरतो अर्ज' म्हणाला की हे कलम आठवा.

दोन गोष्टी मसुद्यात बघा. भारतात उपचाराच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, तेव्हा दावा वस्तूवर हवा: जनुकाच्या क्रमावर, ते पेशीत नेणाऱ्या वाहकावर, मिश्रणावर. दुसरी गोष्ट दाव्याच्या रुंदीची. ज्युनो विरुद्ध काइट हा दोन कंपन्यांमधला खटला कार-टीच्याच पेटंटवर झाला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने १०० कोटी डॉलरहून मोठा निवाडा उलटवला, कारण दाव्यात अँटिबॉडीचे असंख्य तुकडे येत होते आणि वर्णनात उदाहरणं मोजकी दोन. दावा लांबरुंद हवा असेल तर उदाहरणंही तितकी हवीत, आणि ती प्रयोगवहीतूनच येतात. शोधकर्त्यांच्या यादीत विभागप्रमुखांचं नाव सौजन्याने घालू नका. निबंधाचा लेखक आणि पेटंटमधला शोधकर्ता यांच्या कसोट्या वेगळ्या असतात, आणि चुकीच्या नावावरून पेटंट अडचणीत येऊ शकतं.

करार: पाहुणचाराचे आणि कामाचे

एमओयूवर, म्हणजे सामंजस्य करारावर, सह्या, शाल-श्रीफळ, फोटो. त्या कागदाने कुणालाच काही बांधलेलं नसतं. कामाचे कागद चार. माहिती उघड करण्याआधी गोपनीयता करार. वस्तू देण्याआधी साहित्य-हस्तांतरण करार, म्हणजे एमटीए. काम सुरू करण्याआधी संशोधन-सहकार्य करार. आणि पेटंट कंपनीला वापरायला देताना परवाना करार.

सगळ्यांत हलक्यात घेतला जातो तो एमटीए, कारण त्यात पैसे नसतात. बर्फात ठेवलेली एक नळी मित्राने पाठवलेली असते, बस. कार-टीच्या इतिहासातच याचं उदाहरण आहे. सेंट ज्यूड रुग्णालयातल्या दारिओ कँपाना यांनी तयार केलेली जनुकरचना २००३ आणि २००७ च्या एमटीएखाली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेली. पुढे तिचा वापर कराराबाहेर झाला असा दावा करत सेंट ज्यूडने २०१२ मध्ये कोर्ट गाठलं. २०१५ मध्ये तडजोड झाली ती नोव्हार्टिसने १ कोटी २२.५ लाख डॉलर आणि पुढच्या टप्प्यांवरच्या रकमा मोजायचं कबूल केल्यावर.

म्हणून फ्रीजरची झाडाझडती घ्या. तुमच्या अंतिम रचनेतला प्रत्येक तुकडा, म्हणजे प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनए), प्लास्मिड (जनुक वाहून नेणारी डीएनएची कडी), पेशींचा वाण, कुठून आला, कोणत्या कागदाखाली, आणि त्या कागदात 'केवळ संशोधनासाठी' असं लिहिलंय का, याचा तक्ता करा. बिगर-नफा प्लास्मिड भांडारातून आलेल्या नळ्यांवरही अशा अटी असतात. एक तुकडा जरी अडकला तरी तो आत्ता बदला. चाचणी सुरू झाल्यावर तुकडा बदलणं म्हणजे नवं औषध.

सहकार्य करारात भांडणं या जागी होतात: आधीपासून कुणाचं काय होतं त्याची यादी न जोडणं, एकत्र काम करताना जे सुचेल ते कुणाचं हे न ठरवणं, आणि निबंध छापण्याचा हक्क. कंपनीला मसुदा बघायला ६० ते ९० दिवस द्यायला हरकत नाही. 'कंपनीच्या संमतीशिवाय छापता येणार नाही' हे मात्र मान्य करू नका, विद्यार्थ्याची पदवी त्यावर लटकते. परवाना देताना ठराविक आजारांपुरताच द्या, आणि कंपनीने अमुक मुदतीत अमुक टप्पा गाठला नाही तर हक्क परत येतील असं कलम घाला. त्याविना परवाना म्हणजे कपाटात ठेवायची किल्ली.

प्रयोगशाळेतली चिमूट आणि कारखान्यातलं माप

सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि विद्यापीठात हे कुणी शिकवत नाही.

काही निवडी पहिल्या दिवशी फुकट असतात आणि पाचव्या वर्षी लाखमोलाच्या. प्लास्मिडमध्ये सवयीने ॲम्पिसिलिन-प्रतिरोधाचं जनुक असतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या रुग्णांमुळे नियंत्रकांना ते नको असतं, म्हणून कॅनामायसिनचं घ्या. पेशी गायीच्या गर्भाच्या सीरमवर वाढवण्याची सवय मोडून सीरमविरहित माध्यम वापरा. बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' लिहिलेलं रसायन असेल तर त्याच कंपनीकडे जीएमपी, म्हणजे औषधनिर्मितीच्या, दर्जाचं मिळतं का ते आधी विचारा. मिळत नसेल तर पद्धतच बदला.

मग हिशेब. समजा मात्रा दर किलोला २० लाख कार-टी पेशी ठरली आणि रुग्ण ५० किलोचा आहे. लागल्या १० कोटी. पण नवं जनुक घेतलेल्या पेशी ३० टक्केच असतील तर एकूण ३३ कोटी हव्यात. गोठवून वितळल्यावर ८० टक्के जगल्या तर गोठवायच्या सुमारे ४२ कोटी. त्यात तपासणीसाठी काढायचे आणि जपून ठेवायचे नमुने मिळवा. जनुक घेण्याचं प्रमाण ३० वरून १५ वर घसरलं की आकडा दुप्पट, आणि रुग्णाच्या पेशी तेवढ्या वाढतीलच असं नाही. म्हणजे विषाणू-वाहकाचा (नवं जनुक पेशीत पोहोचवणाऱ्या निकामी केलेल्या विषाणूचा) दर्जा सुधारण्यावर घातलेला महिना पुढे रुग्णाला द्यायच्या पेशींच्या प्रत्येक पिशवीत परत मिळतो. पण वाहक वाटेल तेवढा ओतता येत नाही. एका पेशीत सरासरी पाचाहून जास्त प्रती शिरल्या तर जनुकांत भलत्या जागी घुसण्याचा धोका वाढतो, म्हणून तीच साधारण मर्यादा धरतात.

पिशवी बाहेर पडण्याआधीच्या चाचण्या: जिवंत पेशींचं प्रमाण, साधारण ७० टक्क्यांच्या वर, कार-टी पेशींचं प्रमाण, निर्जंतुकता, मायकोप्लाझ्मा, वाढू शकणारा विषाणू नसल्याची खात्री, एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं ताप आणणारं विष. यातल्या शेवटच्याची मर्यादा शिरेतून देताना दर किलोला दर तासाला ५ एकक. ५० किलोच्या रुग्णाला तासाभरात देणार असाल तर पूर्ण पिशवीत २५० एकक, आणि पिशवी १०० मिलीची तर मिलीला अडीच. मोजणी यंत्र एवढ्या खालचं वाचतं का ते पाहून ठेवा. निर्जंतुकतेची नेहमीची चाचणी १४ दिवस घेते. ताज्या पेशी तोवर थांबत नाहीत. एक तर गोठवा, नाहीतर जलद चाचणीवर सोडायची पद्धत आधीच मान्य करून घ्या, आणि सोडल्यानंतर जंतू निघाले तर वॉर्डला कोण, कोणत्या नंबरवर कळवणार तेही लिहा.

रुग्णावर जाण्याआधी सगळी साखळी पूर्ण आकारात किमान तीनदा सलग चालवा. पहिल्यांदा हटकून काहीतरी बिघडतं: पिशवीची जोडणी गळते, कुरिअर रविवारी उचलत नाही, लेबल शून्याखाली दीडशे अंशांना सुटून येतं. शेवटची गोष्ट विनोदी वाटते, पण दोन रुग्णांच्या पिशव्या एका टाकीत असताना ती तशी राहत नाही.

परवानग्यांची रांग

जनुक बदललेल्या वस्तूसाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम ही जनुकबदलांची छाननी समिती, आणि मग सीडीएससीओ. जनुकोपचारासाठी आयसीएमआरची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती आधी वाचा. प्राण्यांवरच्या कामाला सीसीएसईए या प्राणीप्रयोगांवरच्या केंद्रीय समितीची मान्यता लागते, आणि निर्णायक विषचाचण्या जीएलपी, म्हणजे प्रयोगशाळेच्या दर्जाची, मान्यता असलेल्या ठिकाणीच करा. स्वतःच्या प्रयोगशाळेत कितीही नीट केल्या तरी त्या पुन्हा कराव्या लागतात. उंदीर विकत घेण्याआधी सीडीएससीओशी अर्जपूर्व बैठक मागा. कोणता प्राणी, किती दिवस, कोणती मात्रा, हे तिथे ठरलं तर वर्ष वाचतं.

मानवी चाचणीचा अर्ज २०१९ च्या नियमांतला फॉर्म सीटी-०४. चाचणीसाठी औषध बनवण्याची प्रक्रिया वेगळी असते. पहिल्या टप्प्याचं शुल्क ३ लाख रुपये, पण सरकारी अनुदानित संस्थेला ते माफ आहे. नीतिसमितीची मान्यता आणि सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी. रुग्णाला गंभीर त्रास झाला तर डॉक्टरने २४ तासांत नियंत्रक, प्रायोजक आणि नीतिसमितीला कळवायचं.

खरा पेच 'प्रायोजक कोण' हा. जबाबदारी, विमा, नुकसानभरपाई त्याच्याकडे येते. विद्यापीठाच्या लेखाविभागाला हा शब्द सहसा समारंभाच्या संदर्भात माहीत असतो. करार करतानाच हे ठरवा.

आधीच बाजारात असलेलं औषध नव्या आजारावर वापरून बघायचं असेल तर 'शैक्षणिक चाचणी'ची सोपी वाट आहे, ती मुख्यतः नीतिसमितीच्या मान्यतेवर चालते. पण तिचे निष्कर्ष विक्रीच्या मंजुरीसाठी किंवा जाहिरातीसाठी वापरायचे नसतात. पुढे कंपनी आणायचा विचार असेल तर हा जवळचा रस्ता लांबचा ठरतो.

संमतीपत्राची मराठी

इंग्रजी संमतीपत्र भाषांतराला जातं आणि परत येतं तेव्हा त्यात 'यादृच्छिकीकरण' असतं. साताऱ्याहून आलेल्या रुग्णाच्या भावाला त्याऐवजी 'कोणाला कोणतं औषध हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत' असं सांगा. सायटोकाइनच्या वादळाला आणि मेंदूवरच्या परिणामाला 'संलक्षण' म्हणून सुटका करून घेऊ नका. असं लिहा: 'औषध काम करू लागलं की जोराचा ताप येऊ शकतो, रक्तदाब उतरू शकतो, बोलताना शब्द अडखळू शकतात. घरी असताना असं झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच निघा.' आणि एक वाक्य कार-टीत हवंच: 'पेशी काढून घेतल्या तरी त्यांतून औषध तयार होईलच असं नाही.' वाचून झाल्यावर रुग्णाला 'समजलं का?' विचारू नका, सगळे 'हो' म्हणतात. 'घरी गेल्यावर आईला काय सांगाल?' असं विचारा.

पैसा

सुरुवातीला बायरॅक या जैवतंत्रज्ञानाला पैसा देणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेचं 'बिग' अनुदान, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. विद्यापीठात सिद्ध झालेली गोष्ट कंपनीकडून तपासून घ्यायची तर बायरॅकचीच 'पेस' योजना. तिच्या करार-संशोधन शाखेत हक्क विद्यापीठाकडेच राहतात. पुढचे आकडे वेगळ्या जातीचे असतात. टाटा-आयआयटीच्या पहिल्या मानवी चाचणीला बायरॅकच्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशनने १९.१५ कोटी मंजूर केले होते. अर्जात विषचाचणी, जीएमपी वाहक आणि विमा या तीन ओळी विद्यापीठातले लोक हमखास कमी धरतात किंवा विसरतात.

चाचणी चालू असताना, आणि नंतर

नेक्सकार१९ ची पहिल्या-दुसऱ्या टप्प्याची चाचणी ६४ रुग्णांवर झाली. मूल्यमापन करता आलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना प्रतिसाद मिळाला. २०२५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एवढ्या थोड्या रुग्णांत एकाची नोंद हरवली तरी टक्केवारी हलते, म्हणून माहिती-व्यवस्थापक पहिल्या रुग्णाच्या आधी नेमा. पेशी बनल्याच नाहीत किंवा वाट बघताना आजार बळावला, अशा रुग्णांची मोजणी कशी करणार हेही आधीच लिहून ठेवा. नंतर लिहिलेला नियम कितीही प्रामाणिक असला तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

जनुकात कायमचा बदल करणाऱ्या उपचारांत रुग्णावर १५ वर्षं लक्ष ठेवावं, असं अमेरिकेचं औषध नियामक एफडीए सांगतं. कार-टीनंतर क्वचित टी-पेशींचाच कर्करोग झाल्याच्या नोंदींवरून जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी या सगळ्या उपचारांवर इशारा छापायला लावला. १५ वर्षांत रुग्णाचं सिमकार्ड बदलतं, घर बदलतं, मुलीचं लग्न होऊन आडनाव बदलतं. म्हणून नोंदणीच्या दिवशीच रुग्णाचा नंबर, घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांचे नंबर, आणि गावातल्या ज्या डॉक्टरकडे ते ताप आला की आधी जातात त्याचा नंबर घ्या. आणि समोर बसूनच चारही नंबर एकदा लावून बघा.